आधी काम, मग अवजार, शेवटी ट्रॅक्टर

(कोरडवाहू कापूस व ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



दर मेळाव्यात आपण भावाचे बोलतो, कर्जाचे बोलतो, विजेचे बोलतो. आज ते सगळे बाजूला ठेवून आम्ही लोखंडावर बोलणार आहोत. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे काय लावायचे, यावर. काही जण म्हणतील, हा काय मेळाव्याचा विषय आहे? हे तर दुकानदार सांगतो. तेच तर दुखणे आहे. भाव पाडून शेतकरी लुटला जातो हे आपल्याला आता पाठ झाले आहे. पण उत्पादन खर्चाच्या बाजूने, नको ते अवजार घेऊन, आपण आपल्या हाताने किती घालवतो याचा हिशेब आपण मांडत नाही.

सुरुवात जरा दूरच्या मुलखातून करतो. आमच्या एका कार्यकर्त्याचा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. त्याने गावाकडे चित्रफीत पाठवली. वीस-बावीस घोड्यांचा लहानसा ट्रॅक्टर, आपल्याकडे फळबागेत चालतो तसाच, आणि तो घरापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ बाजूला करतो आहे. बैठकीत पोरे ती पाहून हसली. आम्ही त्या पुतण्याला फोनवर विचारले, तुमच्या तिथला माणूस ही बर्फाची अवजारे निवडतो कशी?

त्याने सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. तिथे तीन-चार प्रकारची अवजारे मिळतात. एक साधी फळी, पुढे किंवा मागे लावायची, बर्फ ढकलायला. दुसरी पुढची बादली, उचलून टाकायला. तिसरा ब्लोअर. तो पीटीओवर किंवा इंजिनाच्या ताकदीवर फिरतो आणि बर्फ लांब फेकतो. तिथला जाणता माणूस दुकानात जाण्याआधी स्वतःला प्रश्न विचारतो. आमच्याकडे बर्फ पडतो किती, आणि वर्षात किती वेळा? ढकललेला बर्फ ठेवायला जागा आहे का? रस्ता डांबरी आहे की मुरमाचा? मुरमाचा असेल तर ब्लोअर दगड फेकणार. माझ्या ट्रॅक्टरचा पीटीओ तेवढी ताकद देतो का? चाके घसरली तर वजन कुठे टाकायचे? ज्याच्याकडे बर्फ थोडा आणि जागा भरपूर, त्याला फळी पुरते. ज्याच्याकडे महिनोन्महिने बर्फ साचतो आणि ढीग ठेवायला जागा उरत नाही, त्यालाच ब्लोअर परवडतो. वर्षात दोनदा बर्फ पडणाऱ्याने ब्लोअर घेतला तर तो छपराखाली गंजतो.

आता मला सांगा, आपल्या गावात किती ब्लोअर गंजत पडले आहेत? नाव फक्त वेगळे आहे. कुणाकडे रोटाव्हेटर आहे, कुणाकडे पेरणी यंत्र आहे, कुणाकडे वर्षात तीन दिवस चालणारे आणखी काही. त्या फळीची तर गंमतच आहे. बर्फ ढकलायची मागची फळी आणि आपली जमीन सपाट करायची लेव्हलर फळी हे एकच अवजार. लिंकेज तेच. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाने ही तीन बिंदूंची जोडणी बसवली, १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर मोठ्या संख्येने आली आणि आज जगभर तीच आहे. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे तिथेही आणि इथेही. बदलते ते काम. म्हणून आमचे आजचे सांगणे एका ओळीचे आहे: आधी काम ठरवा, मग अवजार ठरवा, ट्रॅक्टर शेवटी. आपण नेमके उलटे करतो. आधी ट्रॅक्टर दारात येतो, त्याला हार घालतो, आणि मग त्याच्यामागे लावायला काहीतरी शोधतो.

आमचीच फजिती

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी आमचे सांगतो. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. अश्वशक्ती, ओढ, मशागतीची खोली, सगळे परीक्षेत लिहिले. तरी काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी मिळून बावीस घोड्यांचा ट्रॅक्टर घेतला आणि त्यामागे पाच फुटी रोटाव्हेटर. का? तर अनुदानाच्या यादीत तो होता आणि दुकानदार म्हणाला, साहेब, लहान घेऊन काय करता, थोडे पैसे टाका, मोठा न्या. पाच फुटी रोटाव्हेटरला पस्तीस-चाळीस घोडे लागतात हे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक असून घेतला. पहिल्याच चढावर लिफ्ट उचलल्याबरोबर पुढची चाके अधांतरी झाली. पुढे वजन बांधले. मग ओल्या ढेकळात इंजिन दम टाकू लागले. चालवणारा अर्धा क्लच दाबून चालवी. एका हंगामात क्लच गेला. दुसऱ्या वर्षी निम्म्या किमतीला रोटाव्हेटर विकला. ज्याने घेतला त्याच्याकडे पंचेचाळीस घोड्यांचा ट्रॅक्टर होता, त्याच्याकडे तो छान चालतो.

चूक लोखंडाची नव्हती. चूक आमच्या हिशेबाची होती. कागदावरची अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओवर येईपर्यंत त्यातली पंधरा-वीस टक्के वाटेत जाते. बावीसचे अठरा उरतात. अठरा घोड्यांना एक मीटरच्या आसपासचा, म्हणजे सव्वातीन फुटी रोटाव्हेटर शोभतो. कल्टिव्हेटर नऊ फणी नाही, पाच फणी. तेही काळ्या जमिनीत वाफसा असताना.

तेव्हा दुकानात तीन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. पीटीओवर ताकद किती? लिफ्ट किती किलो उचलते, आणि अवजाराचे वजन किती? पुढे वजन टाकायची सोय आहे का? दुकानदार टाळाटाळ करील तर समजा की तो ट्रॅक्टर विकत नाही, तुम्हाला विकतो आहे.

दिवस मोजा

आता खरा हिशेब. अवजाराची किंमत दुकानातल्या पाटीवर नसते. ती एकरी असते. आकडे आम्ही समजुतीसाठी धरतो, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

समजा रोटाव्हेटर ९०,००० रुपयांना पडला. आठ वर्षे चालेल असे धरा. शेवटी भंगाराचे थोडे येतील. घसारा वर्षाला १०,००० रुपये. अडकलेल्या रकमेवर व्याज साडेपाच हजार. पाती, बेअरिंग, तेल यांचे साडेचार हजार. झाले वर्षाचे २०,०००. तुमची शेती दहा एकर. वर्षात दोनदा फिरवला तर वीस एकर काम झाले. म्हणजे एकरी १,००० रुपये, आणि यात डिझेल नाही, ट्रॅक्टर नाही, माणूस नाही. गावातला भाडेवाला डिझेल-माणसासकट काय घेतो ते विचारा आणि शेजारी लिहा. बहुतेकांना तिथेच उत्तर मिळेल.

आता दुसरे अवजार घ्या. ट्रॅक्टरच्या मागे लावायचा वखर. लोखंडी दांडी आणि दोन-तीन पासा, गावचा लोहार किंवा तालुक्याचा फॅब्रिकेशनवाला बनवून देतो. समजा १८,००० रुपयांना पडला. घसारा दोन हजार, व्याज अकराशे, पास शेवटणे आणि दुरुस्ती नऊशे. वर्षाचे ४,०००. दहा एकरावर उन्हाळ्यात, पेरणीआधी आणि रब्बीला मिळून चार पाळ्या झाल्या, म्हणजे चाळीस एकर काम. एकरी १०० रुपये.

एकीकडे हजार, एकीकडे शंभर. आणि काळ्या जमिनीला काय हवे आहे? वखराची पास तण खालून कापते, वरचा थर मोकळा करते आणि भेगा बुजवून ओल राखते. रोटाव्हेटर माती पिठासारखी करतो. पाहायला छान दिसते, शेजारी कौतुक करतो. पण पहिल्या जोरदार पावसात त्या पिठाची पापडी धरते, पाणी मुरण्याऐवजी वाहते आणि माती धुऱ्यावरून खाली जाते. वर्षानुवर्षे त्याच चार-पाच इंचावर पाती फिरली की खाली कडक थर बसतो. कपाशीचे सोटमूळ त्यावर आपटून आडवे पळते. मग ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस उघडला की झाड माना टाकते आणि आपण बियाण्याला शिव्या देतो. ओलिताच्या बागायतीत, काडीकचरा कुटायला, रोटाव्हेटरला जागा आहे. कोरडवाहूत तो भाड्याने, गरजेपुरता आणावा.

चाकाचे माप आणि तासाचे माप

सगळ्यात मोठी चूक होते ती जूनमध्ये, आणि तिची शिक्षा मिळते जुलैमध्ये. ट्रॅक्टर घेतला डवरणीसाठी आणि तासांतले अंतर ठेवले आजोबांच्या तिफणीचे. मग ट्रॅक्टर शेतात शिरतच नाही.

दोन मापे घ्या. एक, मागच्या दोन चाकांचे मधोमध अंतर. दोन, चाकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर. आता पाहा. चाकांचे मधोमध अंतर तीन फूट असेल तर ट्रॅक्टर तीन फुटी कपाशीचे एक तास पोटाखाली घेऊन चालतो, चाके दोन्ही बाजूच्या मोकळ्या जागेच्या मध्यावर पडतात. ज्वारी दीड फुटावर पेरली असेल तर तोच ट्रॅक्टर दोन तास पोटाखाली घेतो. एक माप, दोन पिके. पण पोटाखालची उंची असते फूटभर. कपाशी फूटभर झाली की हा रस्ता बंद. म्हणजे पहिले तीन-चार आठवडे.

ज्यांची कपाशी चार फुटांवर आहे त्यांचा रस्ता वेगळा. त्यांना ट्रॅक्टर दोन तासांच्या मधून न्यायचा आहे. तो बाहेरून बाहेर तीन फुटांच्या आत असेल तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट राहतो आणि फांद्या मिळेपर्यंत डवरणी होते. चाकाचे मधोमध अंतर तीन फूट असलेला ट्रॅक्टर इथे चालणार नाही, कारण टायरची रुंदी धरून तो बाहेरून पावणेचार फुटांच्या घरात जातो. काही ट्रॅक्टरांची चाके उलटी बसवून हे अंतर कमी-जास्त करता येते. घेण्याआधी दुकानदाराकडून तसे करून दाखवून घ्या. फीत खिशात ठेवा. लग्नाला मुलगी पाहायला जाताना आपण चार प्रश्न विचारतो, इथे पाच-सहा लाखांचा व्यवहार आहे.

आणि एक विसरू नका. काळ्या रानात जुलैमध्ये झड लागली की पंधरा-पंधरा दिवस वाफसा येत नाही. वाफसा आला की तण आणि आपण यांची शर्यत असते. त्या वेळी बैलजोडी ट्रॅक्टरच्या एक-दोन दिवस आधी शेतात जाऊ शकते. ट्रॅक्टर घाईने घातला तर चाकाखालची ओली माती दाबून विटेसारखी होते. ज्याच्याकडे अजून जोडी आहे त्याने ट्रॅक्टर आला म्हणून लगेच जोडी बाजारात नेऊ नये. एक पावसाळा दोन्ही ठेवून पाहावे.

काय घ्यावे, काय भाड्याने, काय मिळून

आम्ही आमच्या अनुभवावरून यादी करतो. ती अखेरची नाही. मातीप्रमाणे आणि पिकाप्रमाणे तुम्ही बदला.

स्वतःचे घ्यावे असे: वखर, पाच फणी कल्टिव्हेटर, डवरणीचे सांगाडे, सरी काढायचा लहान रेजर, आणि रब्बी ज्वारी असेल तर सारा यंत्र. ही सगळी अवजारे दिवसाच्या नव्हे, तासाच्या घाईची आहेत. भाडेवाला येईपर्यंत वाफसा निघून जातो. आणि सगळी मिळूनही एका रोटाव्हेटरच्या आसपासच्या पैशात बसतात.

रेजरचे काम समजून घ्या. बैलाच्या डवऱ्याला दोरी गुंडाळून शेवटच्या डवरणीला सरी काढायची, ही शिफारस आपल्याला जुनी माहीत आहे. पेरणीनंतर तीस-चाळीस दिवसांनी, उताराला आडवी. जास्तीचे पाणी सरीतून निघते, थोडे असेल तर सरीत मुरते. रेजर तेच काम करतो. कापसाला एका पावसाची ओल जास्त मिळाली तर बोंडे भरण्याच्या वेळी फरक दिसतो.

सारा यंत्र म्हणजे दोन तिरक्या फळ्या. रब्बी ज्वारीच्या रानात उताराप्रमाणे सहा बाय सहा किंवा दहा बाय दहा मीटरचे बंदिस्त वाफे पावसाळ्यातच पाडून ठेवायचे आणि सप्टेंबरचे पाणी जागच्या जागी जिरवायचे. सोलापूरला १९३३ सालापासून कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे. तिथून येणाऱ्या शिफारशींत हे बंदिस्त वाफे आहेत. मालदांडी साठवलेल्या ओलीवर येते. तिला डिझेलची नाही, सप्टेंबरच्या पाण्याची गरज आहे. सगळ्यात स्वस्त अवजार सगळ्यात मोठे काम करते ते इथे.

भाड्याने आणावे असे: पलटी नांगर, कारण कोरडवाहूत तो दरवर्षी लागत नाही. रोटाव्हेटर, त्याचे बोललो. रुंद वरंबा-सरीचे पेरणी यंत्र, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात. चार तासांच्या बीबीएफला पस्तीस घोड्यांच्या वरचा ट्रॅक्टर लागतो. सोयाबीन, तूर, हरभरा असेल तर भाड्याने जरूर वापरा. कपाशीसाठी मात्र महागडे पेरणी यंत्र घेऊ नका. संकरित बियाणे आपण एकेक दाणा टोबतो. ट्रॅक्टरने उभ्या-आडव्या काकरी मारून द्या, फुलीवर टोबा. काकर मारायला कल्टिव्हेटरचे फण पुरतात.

मिळून घ्यावे असे एकच महत्त्वाचे: पऱ्हाटी कुटायचे यंत्र, श्रेडर. हे छोट्या ट्रॅक्टरचे काम नाही, मोठा ट्रॅक्टर लागतो. पण गावात एक तरी हवे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते इथल्या प्रत्येकाला आठवते. बीटीची दोन जनुके असूनही बोंडे किडली. ही अळी उभ्या पऱ्हाटीत, फरदडीत आणि ढिगाऱ्यातल्या अर्धवट बोंडांत पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी निघाली तर तिची साखळी तुटते. हेक्टरी दोन-तीन टन काडी निघते. ती पेटवण्याऐवजी कुटून रानात टाकली तर जमिनीला खायला मिळते. पण एकट्याने काढून उपयोग नाही. पतंग धुरा ओळखत नाही. माझे रान साफ आणि शेजाऱ्याची फरदड मार्चपर्यंत उभी, तर माझा खर्च पाण्यात. म्हणून श्रेडर गटाचा असावा आणि त्याचा दिवस गावसभेने ठरवावा. यंत्र मिळाले नाही तर लोखंडी चिमट्याने उपटा, पण तारीख चुकवू नका.

फवाऱ्याबद्दल दोन शब्द. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्यात शेतकरी होते, शेतमजूर होते. माणसाच्या डोक्याएवढी कपाशी आणि त्यात समोर फवारा धरून चालणारा माणूस. ट्रॅक्टरमागचा बूम फवारा माणसाला औषधापासून दूर ठेवतो, हे खरे. पण कपाशी कमरेला लागली की छोटा ट्रॅक्टर आत जात नाही, आणि खरी फवारणी त्यानंतरच असते. म्हणून बूम फवाऱ्यावर पैसे घालण्याआधी चार फुटी तास आणि आटोपशीर झाड हवे. ते नसेल तर तोच पैसा मुखवटा, हातमोजे आणि चांगल्या नोझलवर घाला.

मायबहिणींसाठी

आमच्या मायबहिणी विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की डवरणी ट्रॅक्टरने झाली तर निंदणाची मजुरी गेली ना? काही दिवस कमी होतील, हे आम्ही लपवत नाही. पण तासातले, झाडाच्या बुडाशी असलेले तण कोणतेही ट्रॅक्टरी अवजार काढत नाही. तिथे हातच लागतो. वेळेवर डवरणी झाली तर निंदण कमी कष्टाचे होते आणि शेत तणात सोडून द्यायची वेळ येत नाही. सोडून दिलेल्या शेतात मजुरी शून्यच असते, वेचणीचीही.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, धोतराचा सोगा, उपरणे, काहीही अडकले तर डोळा मिटायच्या आत माणूस ओढला जातो. कडबा कुट्टी पीटीओवर चालवताना हे हमखास होते. मळणी यंत्रात हात गमावलेली माणसे या सभेतही असतील. अशा अपघातांमुळेच देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. कायदा कागदावर राहतो, शाफ्ट शेतात फिरतो. शाफ्टवर प्लास्टिकचे कव्हर असते. आपल्याकडे ते पहिल्याच वर्षी तुटते आणि पुन्हा कुणी बसवत नाही. अवजार घेताना कव्हर मागून घ्या, तुटले तर बसवा आणि कचरा अडकला तर आधी ट्रॅक्टर बंद, मग हात. घरच्या बाईला सांगा की कव्हर नसेल तर कुट्टीला उभी राहू नको.

परिपूर्ण, तरी नाकारलेले

मागच्या पिढीतली एक गोष्ट सांगून आवरतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी काळ्या जमिनीसाठी दीड मीटरची रुंद वरंबा-सरी पद्धत बसवली. ती ओढायला बैलांचे चाकाचे यंत्र निवडले, ट्रॉपिकल्टर. जाँ नोल या फ्रेंच तंत्रज्ञाची ती रचना. एकाच सांगाड्यावर नांगर, पाभर, कोळपे, गाडीसुद्धा. प्रक्षेत्रावर उत्तम चालले. शेतकऱ्यांनी मात्र घेतले नाही. पॉल स्टार्की या अभ्यासकाने १९८८ साली अशा यंत्रांचा जगभरचा आढावा घेऊन पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच सार आहे: परिपूर्ण केलेले, तरी नाकारलेले. कारणे काय निघाली? किंमत जास्त, वजन जास्त, वळवायला अवघड, आणि दहा कामे करणारे यंत्र एका वेळी करते एकच काम. त्यापेक्षा शेतकऱ्याला दोन-तीन सुटी स्वस्त अवजारे परवडली.

हे ऐकून शेतकरी मागासलेला असे शहरातले लोक म्हणाले असते. आम्ही म्हणतो, तो शास्त्रज्ञांपेक्षा चांगला हिशेबनीस निघाला. पद्धत चांगली होती, ती टिकली. आज ती ट्रॅक्टरच्या बीबीएफमध्ये दिसते. यंत्र महाग होते, ते गेले. आपल्या बापजाद्यांनी ज्या हिशेबाने ते यंत्र नाकारले, तो हिशेब अनुदानाचे नाव ऐकताच आपण का विसरतो?

अनुदान म्हणजे काय? यादी सरकारची, चाचणीचा शिक्का सरकारचा. शिक्का नसलेल्या लोहाराच्या वखराला त्यात जागा नाही. जे स्वस्त आणि गरजेचे ते यादीबाहेर, जे महाग ते यादीत. मग निम्मे पैसे मिळतात म्हणून आपण दुप्पट किमतीची वस्तू घेतो आणि फुकट मिळाले असे समजतो. दुसऱ्या हाताने काय घेतले जात होते तेही पाहा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून ट्रॅक्टरवर आणि अवजारांवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. झाला ते बरे झाले. पण कारखानदार खरेदीवरचा कर आपल्या विक्रीच्या करातून वजा करतो, शेतकऱ्याला ती सोय नाही. हे ५ टक्के आपल्या उत्पादन खर्चात तसेच बसतात. आपली मागणी साधी आहे. आमच्या कापसाला, ज्वारीला मोकळ्या बाजारातला भाव मिळू द्या, कोणते अवजार घ्यायचे ते आमचे आम्ही ठरवू.

पण ते ठरवायची अक्कलहुशारी मात्र आपण कमावली पाहिजे. म्हणून गावोगावी परत गेल्यावर एक काम करा. बैठकीत एक वही घाला. प्रत्येकाने आपल्याकडचे एकेक अवजार लिहायचे, घेतले कितीला, मागच्या वर्षी चालले किती दिवस, किती एकर. लाजायचे नाही. जे पाच दिवसांपेक्षा कमी चालले ते गावात भाड्याने फिरवायचे किंवा विकायचे. ज्याची उणीव प्रत्येकाला भासली ते मिळून घ्यायचे. पुढच्या मेळाव्याला त्या वह्या घेऊन या. आम्ही आमची वही घेऊन येऊ, आणि त्यात पहिल्या ओळीवर तो पाच फुटी रोटाव्हेटर असेल.